विषय: 'हर्बल काळी मेंदी'तलं पीपीडी (केस काळे करणारं रसायन) आणि तुमच्या ग्राहकसेवेची उत्तरं

व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,

आज दुपारी तुमच्या ग्राहकसेवेला केलेला चौथा फोनही वाया गेला, म्हणून हे पत्र.

मला बारा वर्षांपासून टाळूचा सेबोरिक डर्माटायटिस, म्हणजे खाज आणि कोंडा होणारा त्वचाविकार, आहे. त्यावर कीटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा शाम्पू चालू असतो. खाज उठलेली असताना मी केसांना रंग लावत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी पीपीडीवाला डाय टाळायला सांगितलंय, म्हणूनच दुप्पट पैसे मोजून तुमचं 'हर्बल' पाकीट घेतलं. ॲलर्जी येते का हे पाहायला कानामागे चाचणीसुद्धा केली. तुमच्या पत्रकात अर्धा तास थांबा असं छापलंय. ही ॲलर्जी उठायला ४८ तासही लागतात, हे तुम्हाला माहीत नाही?

दुसऱ्या दिवशी टाळूतून पाणी झिरपायला लागलं. तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. मग मुलाने पाकिटाचा फोटो मोठा करून वाचलं. चिकटवलेल्या घडीच्या आत, बारीक इंग्रजीत: पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी.

आजच्या फोनवर मी एवढंच विचारलं, "यात पीपीडी किती टक्के आहे?"

"मॅडम, आपलं प्रॉडक्ट अमोनिया फ्री आहे."

"अमोनिया नाही हो, पीपीडी."

"हो मॅडम, अमोनिया फ्रीच आहे."

तिसऱ्यांदा एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तुमची टाळू आधीपासूनच खराब होती ना? दही-लिंबू लावून बघा." ओल्या जखमेवर लिंबू! मी बोलत असतानाच त्याने फोन ठेवला आणि मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' काय सोडवलंत?

नुसती मेंदी केस तांबूस करते. अर्ध्या तासात काळेभोर होतात ते पीपीडीमुळे. अमोनिया काढल्याने पीपीडीची ॲलर्जी टळत नाही. हे तुम्ही जाणता, तरी समोर मेंदीची पानं छापता आणि पीपीडी घडीत लपवता. डायच्या पाकिटावर धोक्याची सूचना स्थानिक भाषेतही हवी, असा नियम आहे. तुमच्या पाकिटावर मराठीत फक्त 'हर्बल' लिहिलंय.

पीपीडीचं प्रमाण मला लेखी कळवा. सूचना पाकिटाच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा मराठीत छापा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करणार. माझ्या आईने आयुष्यभर तुमचंच तेल वापरलं. त्या विश्वासावर मी घडी उघडून पाहिली नाही, याचं फार वाईट वाटतं.

पाकीट, बिल आणि डोळ्यांचे फोटो जोडले आहेत. उत्तर लेखीच द्या, फोन करू नका.

— तुमची आजवरची ग्राहक