ई-पुस्तकाची किंमत आणि शासनाच्या हातातले दोन आकडे : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठी ई-पुस्तकांच्या किमती, त्यांवरील वस्तू व सेवा कर आणि सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सांगलीत राहून मराठी पुस्तके काढणारा मी एक लहान प्रकाशक आहे. छापील पुस्तकांबरोबर आता ई-पुस्तकेही काढतो, आणि त्यांची किंमत ठरवताना जो हिशेब मांडावा लागतो त्यातले दोन आकडे ना माझ्या हातात आहेत, ना लेखकाच्या. एक आकडा कराचा आहे आणि दुसरा ग्रंथालयांच्या खरेदीचा. पहिला विषय जीएसटी परिषदेचा असला, तरी तेथे राज्याची बाजू मांडणारे मंत्री आपले सहकारी आहेत. दुसरा तर थेट आपल्याच अखत्यारीतला, कारण ग्रंथालय संचालनालय आपल्या खात्याकडे आहे. शासनाने ई-पुस्तकांच्या किमती ठरवून द्याव्यात किंवा त्यांवर कमाल मर्यादा घालावी, अशी माझी मागणी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. किंमत लेखकाने आणि प्रकाशकानेच ठरवावी. ती ठरवताना पायात अडकणारे दोर तेवढे सोडवून द्यावेत, इतकेच मागणे आहे.

वाचकाचा पहिला प्रश्न असतो की कागद नाही, छपाई नाही, बांधणी नाही, गठ्ठे बांधून गावोगाव पाठवणे नाही, मग दोनशे रुपये कशाचे? प्रश्न रास्त आहे आणि त्यातले निम्मे बरोबरही आहे. समजा, छापील पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे. त्यातले ४० टक्के, म्हणजे १२० रुपये, वितरक आणि दुकानदार यांच्या सवलतीत जातात, १० टक्क्यांनी लेखकाचे मानधन ३० रुपये होते, आणि उरलेल्या १५० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, गोदाम, न खपलेल्या प्रती आणि प्रकाशकाचे घर हे सगळे भागवायचे असते. ई-पुस्तकात यातला कागद-छपाई-गोदामाचा भाग खरोखरच वाचतो, आणि म्हणून ई-पुस्तक छापील पुस्तकापेक्षा स्वस्त असायलाच हवे, असे माझेही मत आहे. छापील किमतीला खेटून ई-पुस्तकाची किंमत लावणारे आमच्यात आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही.

परंतु संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च पहिली प्रत विकली जाण्याआधीच झालेला असतो, आणि पुस्तक कागदावर आले काय किंवा पडद्यावर आले काय, तो तेवढाच राहतो. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत तर तो वाढतो. वीस वर्षांपूर्वी श्रीलिपीसारख्या जुन्या टंकप्रणालीत जुळवलेली फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणली की जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘साताऱ्याला’चे ‘सातार्याला’ होते, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते. आणि यातले बरेचसे यंत्राला चूक म्हणून ओळखूच येत नसल्यामुळे तीनशे पानांचे पुस्तक पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून काढावे लागते. मुद्रितशोधकाला पानामागे पैसे द्यावे लागतात, आणि ते दिलेच पाहिजेत.

आता कराकडे येतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. (कागदावर मात्र तो आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे त्याचा परतावा आम्हाला मिळत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) ई-पुस्तकावर हा कर सुरुवातीला १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, पण ही सवलत देताना ई-पुस्तकाची व्याख्याच अशी केली गेली की ते छापील पुस्तकाचे इलेक्ट्रॉनिक रूप असले पाहिजे. म्हणजे जे पुस्तक कागदावर कधी आलेच नाही, ते कराच्या दृष्टीने ई-पुस्तकच नव्हे, आणि त्यावर १८ टक्क्यांचा भार कायम राहतो. लहान प्रकाशकाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असते, तेव्हा त्याला काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. परंतु वाचकाला प्रत्यक्ष विक्री करणारी मोठी संकेतस्थळे नोंदणीकृत असतात, त्यामुळे तेथे कर किमतीत येतोच.

याचा परिणाम आकड्यांत मांडतो. समजा, केवळ ई-रूपात निघणाऱ्या पुस्तकाचा निर्मितीखर्च ४०,००० रुपये आहे, करासह किंमत १०० रुपये ठेवली आहे, आणि कर वजा जाता उरलेली रक्कम विक्रेता व प्रकाशक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. १८ टक्के कर वजा केला की ८४ रुपये ७५ पैसे उरतात, प्रकाशकाकडे ४२ रुपये ३७ पैसे येतात, आणि लेखकाला एक पैसाही न देता नुसता खर्च भरून निघायला ९४५ प्रती खपाव्या लागतात. कर ५ टक्के असता तर ८४० प्रती पुरल्या असत्या, आणि छापील पुस्तकाप्रमाणे शून्य असता तर ८००. जेथे छापील पुस्तकाची पहिली आवृत्तीच अनेकदा पाचशे प्रतींची काढली जाते, तेथे १४५ प्रती केवळ करासाठी जास्त विकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मग प्रकाशक करतो काय, तर किंमत दोनशेवर नेतो. त्या किमतीला साधारण पावणेपाचशे प्रतींत खर्च निघतो खरा, पण तेवढे वाचकच राहत नाहीत, कारण दोनशे रुपयांचे पुस्तक आठवडाभरात कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन फुकट फिरू लागते.

या व्याख्येचा अक्षरशः अर्थ लावला तर आणखी एक गंमत दिसते. पंचवीस प्रती मागणीनुसार छापून कपाटात ठेवल्या, की तेच पुस्तक ५ टक्क्यांच्या सवलतीत बसते. कागद वाचवण्यासाठी जन्मलेल्या पुस्तकाला करासाठी कागदावर आणावे लागावे, असा कोणाचा हेतू असेल असे मला वाटत नाही. २०१८ मध्ये ही व्याख्या लिहिताना केवळ ई-रूपातच निघणारे पुस्तक बहुधा कोणाच्या डोळ्यांपुढे नसावे.

अशी पुस्तके हौसेपोटी निघतात असेही नाही. आमच्या तासगाव-मिरज भागात द्राक्षबागायतदारांसाठी एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी आणि फवारणी यांवर साठ-सत्तर पानांची पुस्तिका काढायची म्हटली, तर ती कागदावर काढणे शहाणपणाचे नाही. निर्यातीच्या द्राक्षांत कोणत्या औषधाचा किती अंश चालतो याचे निकष बदलत राहतात, आणि मागच्या हंगामातली छापील पुस्तिका या हंगामात बागायतदाराचे नुकसान करू शकते. ती मोबाइलवर असावी, दर हंगामाला सुधारावी आणि पन्नास रुपयांत मिळावी. हळदीवरचे, बेदाण्यावरचे, कुठल्याशा गावच्या स्थानिक इतिहासावरचे लेखन, विद्यापीठाच्या कपाटात पडून राहिलेले मराठी प्रबंध, हे सारे याच जातीचे आहे. छापावे तर परवडत नाही आणि न छापावे तर १८ टक्के.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये सदस्य देशांना ई-पुस्तकांवरही छापील पुस्तकांइतकाच सवलतीचा कर लावण्याची मुभा दिली, आणि ब्रिटनने १ मे २०२० पासून ई-पुस्तकांवरील कर शून्य केला. त्यांनी ई-पुस्तकाला छापील भावंड आहे की नाही, हे विचारले नाही. फ्रान्सने तर २०११ च्या कायद्याने ई-पुस्तकाची विक्रीकिंमत प्रकाशकानेच ठरवावी आणि सर्व विक्रेत्यांनी ती पाळावी, असे बंधन घातले. अमेरिकेत नेमका उलटा प्रसंग घडला. किमती प्रकाशकांच्या हाती ठेवण्याची जी पद्धत २०१० मध्ये सुरू झाली, तिच्यावरून न्याय खात्याने २०१२ मध्ये अ‍ॅपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. या वादात मराठीने आज पडण्याचे कारण नाही. आपली बाजारपेठ एवढी लहान आहे की किमतीचा कायदा करण्याआधी विक्री होऊ द्यावी.

किंमत ठरवण्याचे आमचे स्वातंत्र्यही किती आहे, हे सांगितले पाहिजे. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तके येऊ लागली, आणि तेथे स्वतः पुस्तक प्रकाशित करणाऱ्याला किंमत स्वतःच लावता येते. मात्र त्याला ३५ टक्के मिळणार की ७० टक्के, हे त्या कंपनीच्या अटींवर ठरते. किंमत तिने आखलेल्या पट्ट्यात असावी लागते, छापील प्रतीपेक्षा ती किमान २० टक्क्यांनी कमी असावी लागते, फाइलच्या आकारानुसार पोचवणीचा खर्च कापला जातो, आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर नव्वद दिवसांच्या मुदतीने ते ई-पुस्तक दुसरीकडे कोठेही न विकण्याचे बंधन स्वीकारावे लागते. म्हणजे तेच पुस्तक बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळावरही ठेवायचे असेल, तर ३५ टक्क्यांवर समाधान मानायचे. कंपनीने आपल्या सोयीच्या अटी घालाव्यात, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण या अटी एका बाजूला आणि कर दुसऱ्या बाजूला धरला, की मधल्या फटीत लेखकाचे मानधन राहते.

या फटीतून बाहेर पडण्याचा मार्ग सार्वजनिक ग्रंथालयांतून जातो, असे माझे मत आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते, आणि मराठी छापील पुस्तकांचा मोठा आधार हीच वाचनालये आहेत. चारशे रुपयांची कादंबरी विकत न घेणारा वाचक ती वाचनालयातून नेतो, आणि वाचनालयांच्या खरेदीच्या भरवशावरच प्रकाशक आवृत्ती काढतो. ई-पुस्तकाला हा आधार नाही. एका वाचनालयाला ई-पुस्तक देऊ केले, तेव्हा तेथल्या ग्रंथपालांनी मला विचारले, “दाखल नोंदवहीत याला कोणता क्रमांक देऊ, आणि लेखापरीक्षणाला आलेल्या साहेबांपुढे काय ठेवू, मोबाइल?” त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. स्पष्ट आदेश नसेल तर कोणताही ग्रंथपाल अनुदानाच्या पैशाला हात लावणार नाही.

ग्रंथालयांनी ई-पुस्तके घेतली तर किमतीवर परिणाम कसा होईल, हे वरच्याच उदाहरणावरून दाखवतो. राज्यातल्या ३०० वाचनालयांनी त्या पुस्तकाची एकेक प्रत करवगळता १५० रुपयांना थेट प्रकाशकाकडून घेतली, तर ४५,००० रुपये येतात, निर्मितीखर्च तेथेच निघतो, आणि वैयक्तिक वाचकासाठी तेच पुस्तक साठ-सत्तर रुपयांना ठेवता येते. त्यापुढे खपलेल्या प्रत्येक प्रतीत लेखकाला भरीव वाटा देता येतो. ग्रंथालयाची किंमत वाचकाच्या किमतीपेक्षा जास्त असणे योग्यच आहे, कारण ती प्रत अनेक जण वाचणार. मात्र एका वेळी एकाच वाचकाला ती मिळावी, आणि एकदा घेतलेली प्रत वाचनालयाची कायमची राहावी, या दोन अटी असाव्यात. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना दिलेली ई-प्रत २६ वेळा वाचकांना दिली की संपली, असा नियम केला होता. आपल्या वाचनालयांना अशा नूतनीकरणाच्या फेऱ्यात अडकवू नये.

पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न येईलच. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली, आणि बहुतांशी परदेशी प्रकाशकांच्या संशोधन-नियतकालिकांसाठी तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. ती योग्यच आहे. परंतु पडद्यावरचे वाचन सरकारने एकत्रित विकत घ्यावे हे तत्त्व तेथे मान्य झाले असेल, तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरलेल्या भाषेच्या पुस्तकांसाठी त्याचा अगदी लहानसा अंश मागणे गैर नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात भिलारला शासनाने २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव उभे केले, आणि वाईहून निघणारा मराठी विश्वकोश आज कोणालाही फुकट वाचता येतो. या कामांचे मोल मी जाणतो. एवढेच म्हणतो, की विश्वकोशाचा खर्च शासन उचलते म्हणून तो वाचकाला फुकट देता येतो. स्वतंत्र लेखकाच्या पुस्तकाचा खर्च कोणीच उचलत नसताना वाचक त्याचीही तशीच अपेक्षा करू लागला, तर त्याला दोष देता येत नाही.

सांगलीकराला या मागणीचे आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरात शिरले आणि सांगली नगर वाचनालयाची ग्रंथसंपदा चिखलात गेली. त्यातली कित्येक पुस्तके आज बाजारात मिळत नाहीत. त्यांच्या ई-आवृत्त्या निघण्यासाठीही खात्रीचा खरेदीदार लागतो.

तेव्हा विनंती अशी, की ई-पुस्तकाच्या करव्याख्येतून छापील आवृत्तीची अट काढावी आणि शक्य झाल्यास दरही छापील पुस्तकाप्रमाणे शून्य करावा, असा प्रस्ताव राज्याने परिषदेपुढे ठेवावा, यासाठी आपण अर्थमंत्र्यांना पत्र द्यावे. आणि ग्रंथालय संचालनालयाने ई-पुस्तकांची दाखल नोंद, देयक व लेखापरीक्षण यांबाबत स्पष्ट परिपत्रक काढून सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्या ‘अ’ वर्ग वाचनालयांत वर्षभर ही खरेदी करून पाहावी. आपल्या खात्याने याविषयी बैठक बोलावली, तर माझ्या पुस्तकांचे निर्मितीखर्चाचे आणि विक्रीचे हिशेब घेऊन मी येईन. त्यातले आकडे सुखावह नाहीत, पण पडताळून पाहण्याजोगे आहेत.

कळावे.

आपला विश्वासू,
एक प्रकाशक, सांगली