दगडफूल अडते ते पाण्यावाचून

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला ध्रुवीय प्रदेशांतील दगडफुलांवरचा (लायकेन) लेख वाचला. मसाल्याच्या डब्याबाहेरचे दगडफूल मराठी वर्तमानपत्रात भेटले, याचा आनंद आहेच. मात्र ‘कडाक्याच्या थंडीमुळे ती वाढत नाहीत’ आणि म्हणून ‘तापमानवाढीने फोफावतील’, ही दोन्ही विधाने घाईची वाटली.

थंडी त्यांना सोसते. शून्याखालीही काही जातींचे प्रकाशसंश्लेषण चालू राहते. घोडे अडते ते पाण्यापाशी. तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या आम्हा कोकणवासीयांना पटायला जड जाईल, पण अंटार्क्टिका हे वाळवंट आहे. आतल्या पठारावर वर्षभरात पडणारे हिम वितळवले तर जेमतेम 50 मिलिमीटर पाणी होईल. दगडफुलाला मुळे नाहीत. ओल मिळाली की ते जागे होते, सुकले की निपचित पडते. तिथल्या उन्हाळ्यात हवा शून्याच्या आसपास असली तरी उन्हातला गडद खडक चांगलाच तापतो, शेजारचा बर्फ पाझरतो आणि खडकाच्या भेगांत ते मूळ नसतानाही मूळ धरते! जवळ पेंग्विन किंवा स्कुआ या समुद्रपक्ष्यांची वस्ती असेल तर त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजनही मिळतो. पण बर्फ फार साचला आणि उन्हाळ्यातही हटला नाही, तर खाली दबलेले दगडफूल मरते. म्हणजे तापमान वाढून हिमवृष्टी वाढली, तर काही ठिकाणी उलटच घडेल. अंटार्क्टिकातल्या ‘ड्राय व्हॅलीज’ या अतिकोरड्या, बर्फहीन दऱ्यांमधल्या काही जाती तर शंभर वर्षांत मिलिमीटरभरही वाढत नाहीत. तिथे पर्यटकाचा एक बूट म्हणजे कित्येक पिढ्यांचे नुकसान.

आमच्या राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरही (कातळाच्या पठारांवरही) हाच खेळ चालतो. मे महिन्यात मेल्यासारखी दिसणारी कातळावरची पुटे पहिल्या सरीत रंग पालटतात. सातबाऱ्यावर मात्र या जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ अशीच!

आणखी एक. अंटार्क्टिकातल्या बर्फमुक्त अशा शिर्माकर ओअॅसिसमध्ये 1989 पासून आपले ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र आहे, तिथल्या खडकांवर दगडफुले आहेत आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यासही केला आहे. लेखात याचा उल्लेख नसावा, हे खटकले. या मोहिमा आखणारी राष्ट्रीय संस्था आमच्या शेजारीच, गोव्यात वास्कोला आहे. पुढचा लेख तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
राजापूर, जि. रत्नागिरी