वाकडी सळई इकडे पाठवा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणतात आणि आई फोन दादाच्या हातात देते. म्हणून लिहितेय.

जूनमध्ये बदली घेऊन तुमच्याजवळ येते म्हणाले होते, ते आता होत नाही. मी दुसरी जागा घेतली आहे, तीन वर्षांसाठी. सोमवारी सही करून आले. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी लगेच ‘जा’ म्हटलं असतं, आणि ते ‘जा’ ऐकून माझा पाय निघाला नसता.

काम असं आहे. शंभरी ओलांडलेल्या नऊ सरकारी इमारती, त्यांची आवारं, झाडं, गटारं, दिवे, सगळ्याची देखभाल आणि जतन आता माझ्या सहीने होणार. मुलाखतीत विचारलं, पहिल्या वर्षी काय कराल? मी म्हटलं, पावसाआधी सगळ्या पन्हळी साफ करेन. एक साहेब हसले. बाबा, तुम्ही हसला नसता.

कारण बाकीचं सगळं तिथूनच सुरू होतं. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजायला लागतं. ते टोक कुणाला दिसत नाही. दिसतो फक्त छतावरचा तपकिरी डाग. मग कुणीतरी डागावर रंग मारतं, आणि खाली भिंतीला लोणा लागला की सिमेंटचा गिलावा चढवतं. एका इमारतीला आमच्या आधीच्या कुणीतरी तेच करून ठेवलंय. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं, आणि मग दगडच पापुद्र्यांनी सुटायला लागतो. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे चुन्याने भरलेले सांधे, दगडापेक्षा मऊच असायला हव्यात. झिजायचं तर त्यांनी झिजावं, त्या पुन्हा भरता येतात. हे तिथे सांगायला गेलं की म्हणतात, मॅडम, सिमेंट मजबूत असतं.

इंग्लंडमध्ये जुन्या इमारती जपणाऱ्यांनी 1877 साली संस्था काढली, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की रोज थोडी काळजी घ्या, म्हणजे मोठी डागडुजी करावी लागणार नाही. पण पन्हळ साफ केल्याची फीत कोण कापणार? डागडुजीला निविदा निघते, पाटी लागते, फोटो येतो. माझी निम्मी भांडणं याच्यावरूनच होणार आहेत.

आणि आवारातच राहायचं का, तर त्याचंही कारण आहे. 1834 च्या ऑक्टोबरात लंडनच्या संसदेत हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या, दोन गाड्या भरून, तळघरातल्या भट्ट्यांत जाळल्या. दुपारी इमारत बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पायांना वरच्या दालनाची जमीन गरम लागत होती, धुरामुळे भिंतींवरचे पडदेही नीट दिसत नव्हते. संध्याकाळी आग बाहेर पडली आणि रात्रीत दोन्ही सभागृहं गेली. जमीन गरम लागतेय म्हटल्यावर काम थांबवायचा अधिकार असलेलं कुणीतरी तिथे असायला हवं ना? ते कुणीतरी मी. शिवाय या इमारती रिकाम्या नाहीत, आत कचेऱ्या भरतात. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा घुमट ओतीव लोखंडाचा. त्यात हजाराहून जास्त भेगा निघाल्या होत्या. 2014 ते 2016 त्या बुजवत होते आणि खाली कामकाज चालूच होतं. आमच्याकडेही तसंच करावं लागणार, फायलींच्या कपाटांमधून वाट काढत.

बघा, मी तुम्हाला पटवतच बसले. तुम्ही काही म्हणालासुद्धा नाहीत अजून.

आई, तू काय म्हणशील ते माहीत आहे. परक्यांच्या भिंतींना ओल लागू नये म्हणून चाललीस, इथे कोण आहे? हे तू बोलणार नाहीस, फक्त दुसऱ्या खोलीत जाशील. म्हणून मीच लिहून टाकते. मला याचं वाईट वाटतं आणि तरीही मला हे काम हवं होतं. दोन्ही खरं आहे. महिन्याला दोन दिवस येईन. पावसाचे तीन महिने मात्र जमणार नाही, तेवढे माझ्या मोजणीत धरू नका.

मी मजेत राहीन. क्वार्टर तळमजल्यावर आहे, पाणी दिवसभर, खिडकीबाहेर एवढं मोठं झाड की दुपारी पंखा लागत नाही. रात्री पहारेकरी फेरी मारतो, त्यामुळे एकटी राहण्याची चिंता नको. मी आधीच दोन उशा मागून घेतल्यात.

त्या घरातल्या निळ्या बादल्या आठवतात का? रात्री त्यांत पाणी टपकायला लागलं की मला छान झोप लागायची, आणि तुम्ही दोघं जागे असायचात हे मला फार उशिरा कळलं. बाबा, पावसाआधी तुम्ही शिडीवर चढायचात आणि मला खाली उभं करून सांगायचात, दोन्ही हातांनी घट्ट धर, तुझ्यावर आहे सगळं. मी सात वर्षांची. माझ्याने काय धरली जाणार होती शिडी! पण हात दुखेपर्यंत धरायचे. मागच्या वर्षी तुम्ही पडलात तेव्हा मी इथे एका मीटिंगमध्ये होते.

तर आता ऐका. बाबांनी गच्चीवर जायचं नाही. ‘नुसतं बघायला’सुद्धा नाही. मेच्या अखेरीस दोन माणसं येऊन पन्हळी काढून जातील, दादाशी बोलून ठेवलंय, पैसेही दिलेत, त्यांच्यामागे उभं राहून चुका काढायच्या नाहीत. न्हाणीघरात दांडी बसवायला माणूस येईल, आईने त्याला परत पाठवू नये. बीपीची गोळी सकाळचीच, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवून गुडघा बरा होत नसतो. चिडून लिहीत नाहीये, नुसतं लिहितेय.

आणि बाबा, माळ्यावरची ती वाकडी सळई, पन्हळीतला पाला ओढायची, ती दादाबरोबर इकडे पाठवा. इथे भांडार आहे, यादी आहे, पण तसं वळण दिलेलं काही मिळत नाही. मी खरंच वापरणार आहे, उगाच काढून घेत नाहीये.

शिडी मात्र उगाचच काढून घेतेय. तीही दादा नेईल.

तुमची,
चिमी