तेलकट मातीसाठी रिठा आणि रॅम्नोलिपिड यांची चाचणी व्हावी

मा. संपादक,

महोदय,

पंचगंगेच्या पाण्याविषयी आपल्या स्तंभांतून सातत्याने लिहिले जाते. मात्र कोल्हापूर परिसरातील उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील वर्कशॉपच्या आणि शहरभर पसरलेल्या गॅरेजच्या आवारात जळके ऑइल, कूलंट आणि डिझेल मुरून काळी पडलेली माती चर्चेत क्वचितच येते. पावसाळ्यात याच मातीतले तेल नाल्यांवाटे नदीकडे वाहते.

ही माती सहजासहजी सुधारत नाही, कारण तेल तिच्या कणांना घट्ट चिकटते, पाण्यात विरघळत नाही आणि त्यामुळे तेलावर जगणाऱ्या जिवाणूंच्या वाट्याला पुरेसे येत नाही. रिठा व शिकेकाईतील सॅपोनिन, स्यूडोमोनास जिवाणूंचे रॅम्नोलिपिड आणि बॅसिलस जिवाणूंचे सर्फॅक्टिन हे साबणासारखे काम करणारे नैसर्गिक पदार्थ नेमके येथे उपयोगी पडतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, तो रॅम्नोलिपिड 30 पर्यंत खाली आणते. पुरेशा प्रमाणात मिसळल्यावर त्याच्या रेणूंचे पुंजके तेलाला आत घेऊन कणांपासून सोडवतात. रॅम्नोलिपिड शिसे आणि कॅडमियमलाही धरते. शिवाय काम झाल्यावर हे पदार्थ स्वतः कुजून जातात, ही मला सर्वांत मोलाची बाब वाटते. रॅम्नोलिपिड तयार करणारे जिवाणू मोलॅसिसवरही (साखर कारखान्यातील मळीवरही) वाढवता येतात, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मोलॅसिसची वाण नाही.

तरीही रिठ्याचे पाणी जागेवर ओतले की काम झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. सुटलेले तेल गोळा केले नाही, तर ते खाली झिरपून विहिरी आणि बोअरचे पाणी बिघडवेल. आपल्या काळ्या, चिकण मातीतून पाणी नीट उतरत नाही आणि तिच्यातील चिकणकण बराचसा सॅपोनिन स्वतःकडेच धरून ठेवतात. म्हणून माती उकरून टाकीत धुणे आणि धुवणाचे पाणी प्रक्रिया करूनच सोडणे हाच येथे सुरक्षित मार्ग आहे. धातू तर नष्ट होतच नाहीत, ते मातीतून पाण्यात येतात एवढेच. रॅम्नोलिपिड तयार करणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू जखमांत गंभीर संसर्ग करू शकतो, त्यामुळे जिवंत जिवाणू शेतात वा आवारात न सोडता त्यांच्यापासून वेगळे केलेले रॅम्नोलिपिडच वापरावे.

शिवाजी विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक, उद्योजकांच्या संघटना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एखाद्या लहान भूखंडावर अशी चाचणी घ्यावी, मातीतील तेल व धातूंचे प्रमाण धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर मोजावे आणि खर्चासह ते आकडे जाहीर करावेत, अशी विनंती आहे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते लहान गॅरेजमधून गोळा होऊन अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचेल, अशी व्यवस्था चाचणीची वाट न पाहता आताच सुरू व्हावी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर