मिलिसेकंदांच्या नोंदीही खासगी असतात

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

संकेतस्थळांचा वेग सुधारणे हा माझा व्यवसाय आहे आणि ब्राउझर पुरवतो ती कालमापने, म्हणजे पानाचा कोणता भाग किती वेळात आला याच्या नोंदी, मी रोज वापरतो. ती बंद करावीत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पान कुठे रखडले हे त्यांच्याशिवाय आम्हाला कळतच नाही. मात्र हीच मापने पानासोबत ते वाचणाऱ्याविषयीही सांगू लागतात, आणि त्यासाठी त्याची संमती कोणीच घेत नाही.

समजा, एका पानाने एखाद्या आजाराच्या रुग्णांसाठी असलेल्या दुसऱ्याच संकेतस्थळावरचे छोटेसे बोधचिन्ह मागवले आणि ते ३०० ऐवजी ३ मिलिसेकंदांत हजर झाले, तर ते कॅशेमध्ये, म्हणजे ब्राउझर एकदा उतरवलेल्या फाईली जपून ठेवतो त्या साठ्यात, आधीच होते, म्हणजे आपण तिथे जाऊन आला होतात, हे त्या पानाला कळते. ही युक्ती संशोधकांनी २००० सालीच दाखवून दिली होती. प्रत्येक संकेतस्थळाची कॅशे वेगळी ठेवण्याची सोय क्रोममध्ये २०२० साली, तर फायरफॉक्समध्ये २०२१ साली आली. त्याने ही वाट बरीचशी बुजली, पण सगळ्या वाटा बुजल्या नाहीत. दुसऱ्या संकेतस्थळाने परवानगी दिली नसेल तर ब्राउझर मधल्या टप्प्यांच्या वेळा शून्य दाखवतो, पण फाईलची मागणी केव्हा सुरू झाली आणि केव्हा पुरी झाली हे उघडेच राहते, आणि पाळत ठेवणाऱ्याला बहुधा तेवढे पुरते. २०१८ साली स्पेक्टर हा, सूक्ष्म वेळ मोजून गुप्त माहिती हेरू देणारा, प्रोसेसरमधील दोष जाहीर झाल्यावर ब्राउझरांनी आपली घड्याळे मुद्दाम बोथट केली. अचूक घड्याळ हेही हत्यार ठरू शकते, याची ती कबुलीच होती.

कुकी, म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली ओळखीची छोटी नोंद, उपकरणावर साठवली जाते, म्हणून संमतीच्या नियमांना ती दिसते. इथे काही साठवावे लागत नाही, नुसता अंदाज बांधला जातो. म्हणून कालमापनांवरून व्यक्तीविषयी काढलेला निष्कर्ष हीसुद्धा वैयक्तिक माहितीच आहे, असे नियमांत स्पष्ट लिहावे, ही विनंती. तोवर निदान आरोग्य, कर आणि तक्रारींच्या शासकीय पानांवरून बाहेरच्या कंपन्यांच्या मोजणीच्या स्क्रिप्ट काढून टाकाव्यात. वेगाची मोजणी शासनाच्याच सर्व्हरवर, व्यक्तीची ओळख न ठेवता करता येते, आणि त्याला नवा कायदाही लागत नाही.

आपला नम्र,
एक वेब विकासक