चिमे, मी इथं झाडं लावत नाही, उपटतेय

प्रिय चिमे,

तुझे सतरा मेसेज काल एकदम धडाधड आले, कारण इथं रेंज फक्त टांक्यामागच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या टाकीमागच्या, टेकाडावर येते आणि तिथं दुपारी दोन मिनिटं उभं राहिलं की तळपायाची भाकरी भाजून निघते. म्हणून कागदावरच लिहितेय, उद्या जैसलमेरला जाणाऱ्या जीपवाल्याकडे देईन. कधी पोचेल देव जाणे.

प्रवासाचं काही सांगत नाही, सोलापूर ते जैसलमेर म्हणजे पाठीचा कणा काढून बॅगेत ठेवावा इतका लांब आहे, बास. तिथून पुढे सम, आणि समच्याही आत आमचा कॅम्प. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, आणि बाहेर बाजा टाकलेल्या. झोपायचं बाजेवरच, खाली नाही, कारण इथं ‘पीवणा’ नावाचा साप आहे. तो म्हणे रात्री छातीवर बसून श्वास पिऊन जातो आणि सकाळी माणूस गेलेला असतो. आमचे सर म्हणाले अगं तो मण्यारीच्या जातीचा आहे, चावलेलं कळतच नाही म्हणून ही गोष्ट पडलीय. मला यानं कसा धीर यावा ते त्यांनाच माहीत. पहिले तीन दिवस मी पाय पोटाशी घेऊन झोपले.

आता तुझा प्रश्न, किती झाडं लावलीस. शून्य. उलट उपटली, मी एकटीने साठेक तरी असतील, हाताला फोड आलेत ते वेगळे. हस मेल्ये. मलापण पहिल्या दिवशी टिकाव हातात दिल्यावर असंच वाटलं की काहीतरी गडबड आहे, मी संवर्धनाला आलेय की खाणीत.

उपटायची ती आपली वेडी बाभूळ. इथं विलायती बबूल म्हणतात. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला म्हणे ‘शाही झाड’ केलं होतं, तोडायचं नाही म्हणून. वाळू थांबेल, सरपण मिळेल, हिरवं दिसेल. हिरवं दिसतंच गं, तीच तर पंचाईत. शेंगा शेळ्या खातात, लेंडीतून बी सगळीकडे जातं, आणि नुसतं तोडून चालत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटतं. त्यामुळे चहूबाजूनं खणून मुळाचा गड्डाच काढायचा, हातभर खोल. सकाळी साडेपाचला सुरू करतो, दहाला थांबतो, पुढे ऊन माणसाला उभं राहू देत नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात मी काय दिवे लावले ऐक. जोशात एक लहान रोप उपटलं आणि विजयी मुद्रेनं ढिगावर टाकलं. ते खेजडीचं निघालं, म्हणजे इथल्याच मातीतल्या, जपायच्या झाडाचं. खेजडी आणि वेडी बाभूळ लांबच्या बहिणी आहेत, लहानपणी सारख्याच दिसतात. आता कळतं, बाभळीचे काटे लांब आणि पानाच्या पेराशी जोडीनं, खेजडीचे बारके आणि फांदीभर कसेही. पण तेव्हा कुठलं! आमच्याबरोबर कामाला येणारी एक म्हातारी आहे, मी तिला माँसा म्हणते. तिनं काही न बोलता ते रोप उचललं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, आणि संध्याकाळी स्वतःच्या अंगणात लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं गं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं खेजडलीची गोष्ट सांगितली, १७३० ची, जोधपूरच्या राजाची माणसं झाडं तोडायला आली तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून मेली आणि तिच्यामागे एकूण ३६३ बिश्नोई. आपण शाळेत वाचलेलं, परीक्षेत दोन मार्काला लिहिलेलं. पण आदल्या दिवशी स्वतः खेजडी उपटून मग तीच गोष्ट ऐकायची म्हणजे काय होतं ते विचारू नकोस. रोप जगलंय की नाही अजून सांगता येत नाही, मी रोज जाता येता बघते.

मग लावतो काय? गवत. सेवण नावाचं. ठोंब कमरेपर्यंत वाढतं, दहा-दहा वर्षं आणि जास्तही जगतं, वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो त्यावर. बी इतकं हलकं आणि केसाळ की हातात घेतलं की उडतं, म्हणून माती, शेण, वाळू यात कालवून गोळ्या करायच्या. म्हणजे मी उच्चशिक्षित बाई सध्या दिवसभर शेणाचे लाडू वळते. आई फोनवर म्हणाली हे घरी शिकवत होते तेव्हा नाकं मुरडत होतीस.

हे सगळं गोडावणासाठी. गोडावण म्हणजे आपला माळढोक पक्षी गं! सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला. मला इथं येईपर्यंत माहीत होतं पण असं आत उतरलं नव्हतं. अख्ख्या देशात मिळून दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक सगळे इथंच. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं बिरटं काही नाही. तिला गवत हवं लपायला पुरेल एवढं, पण मान वर केली की लांबपर्यंत दिसलं पाहिजे. झाडी झाली की ती बिथरते. २०१९ पासून इथं अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालूय, सम आणि रामदेवऱ्याला, आणि २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनाने पिल्लू झालं. छानच आहे. पण ती पिल्लं उद्या सोडायची कुठे, हे विचारलं की सगळे आमच्या शेणाच्या गोळ्यांकडे बघतात.

आणि वर तारा. रात्री क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागतात, एकदम विझतात, पहिल्या रात्री मला ते सुंदर वाटलं होतं. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, वजन पंधरा किलोपर्यंत, तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी अंदाज काढला होता की थरच्या वाळवंटात वर्षाला साधारण १८ गोडावण तारांना आपटून मरत असावेत. दीडशेतले अठरा, कर हिशोब. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली न्या सांगितलं, मग २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली, कारण सौर आणि वारा यांची वीजही देशाला हवीच आहे. मी कॉलेजमध्ये सोलरवर पोस्टर करून बक्षीस घेतलंय, त्यामुळे मला यात कोणावर ओरडावं कळत नाही.

गावातल्या बायकांचंही तेच. आम्ही कुंपण घालतो, गवत वाढायला वेळ मिळावा म्हणून. त्या म्हणतात आमच्या शेळ्या कुठे न्यायच्या, आणि बबूल सगळा काढलात तर चुलीत काय घालू, तुमचा इंटरनेट? खरंय की नाही? त्यांच्या ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या, इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. एका बाजूचा बबूल आम्ही सरपणासाठी ठेवलाय, आमच्या अहवालात त्याला मोठं नाव आहे, मी त्याला तडजोड म्हणते.

चिमे, तुला आठवीतला तो शनिवार आठवतो? शाळेमागच्या माळावर आपण दोनशे ग्लिरिसिडिया लावल्या, टोप्या घालून, घोषणा देत. तो धनगर आला होता बघ, मेंढरं घेऊन. म्हणाला, पोरींनो हितं कुसळी गवत हाय ती जनावरं खात्यात, ह्या झाडाला त्वांड बी लावत न्हाईत. आपण केवढ्या हसलो होतो त्याला, आणि नंतर सर्टिफिकेटं घेऊन फोटो काढले. पाटीवर ‘पडीक जमीन’ लिहिलेलं होतं. पडीक! मी हे इथल्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले आम्ही सगळ्यांनीच केलंय ते. बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

अजून गोडावण दिसला नाही. चिंकारा रोज दिसतात, खोकड दिसलं, सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, बिळातून डोकं काढून माझ्याकडे असा बघतो जसा आपला वॉचमन. माँसा म्हणते पाऊस झाला की दिसेल.

आणि परवा झाला गं! वीस मिनिटं फक्त. आम्ही सगळे बाहेर पळालो, गोळ्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन, भिजत, चिखल कसला, वाळूतून नुसता वास. रेघा ओढायच्या, बोटभरही खोल नाही, गोळी टाकायची, पायानं वाळू सरकवायची. माँसा पुढे गात होती, मला शब्द एक कळला नाही. रात्री सोगरा आणि केर-सांगरीची भाजी, वर मी डब्यातली शेंगाचटणी काढली. बाजरीच्या भाकरीला सोगरा म्हणतात, आपल्यापेक्षा जाड. माँसानं चटणी चाखली, डोळ्यात पाणी आलं, आणि परत हात पुढे केला. डबा रिकामा झाला.

तर दोन कामं. एक, अर्धा किलो चटणी पाठव, नेहमीच्याच दुकानातली, कमी तिखट नको, माँसाला आता कमी चालणार नाही. दुसरं, सुट्टीत सोलापूरला गेलीस तर शाळेमागच्या माळावर जाऊन ये. ग्लिरिसिडियाखाली कुसळी उरलीय का बघ, आणि फोटो काढ, जवळून, मुळाशी. तो धनगर अजून येतो का तेही विचार कोणालातरी.

तुझी,
ढब्बू