बॅटरी चार्जरमधील दोष आणि माहितीपत्रकातील उलट्या क्रमाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर सदोष असल्याबाबत व त्याच्या माहितीपत्रकात धोकादायक सूचना छापल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा ६ अँपिअरचा, खोक्यावर ‘पूर्ण स्वयंचलित’ असे छापलेला चार्जर मी गेल्या महिन्यात ठाण्यातील गोखले रस्त्यावरील एका दुकानातून ३,२०० रुपयांना विकत घेतला. आम्ही महिनाभर गावी होतो, त्यामुळे कासारवडवलीतील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी परतल्यावर सुरू होईना, एवढेच खरेदीचे निमित्त.

बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड प्रकारची आहे. माहितीपत्रकात ‘रात्रभर लावून ठेवावा’ असे असल्याने माझ्या मुलाने रात्री दहाला चार्जर लावला. सकाळी सातला आम्ही खाली गेलो तेव्हा चार्जरवर हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे आपल्या म्हणण्याप्रमाणे बॅटरी भरून चार्जर आपोआप थांबलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात बॉनेट उघडताच सडक्या अंड्यासारखा उग्र वास आला, झाकणांखालून बुडबुड्यांचा आवाज येत होता आणि बॅटरीच्या बाजूला हात टेकवत नव्हता. मल्टिमीटरने मोजले तर १५.९ व्होल्ट. बॅटरी भरल्यावर चार्जरने व्होल्टेज साधारण साडेतेरापर्यंत खाली आणायला हवे; तो नऊ तास नुसता दाबत राहिला होता. बॅटरीची एक बाजू फुगली असून ती आता निकामी झाली आहे. नव्या बॅटरीला ४,८५० रुपये पडले.

तथापि, या पत्राचे खरे कारण चार्जर नाही. यंत्रात बिघाड होऊ शकतो. चार पानी माहितीपत्रक मात्र कोणीतरी बसून लिहिले आहे, आणि त्याच्या तिसऱ्या पानावर चार्जर काढण्याचा क्रम असा दिला आहे : आधी दोन्ही चिमटे काढावेत, नंतर मुख्य स्विच बंद करावा. माझा मुलगा ते पान बघूनच वाकला होता. चष्मा कपाळावर सरकवलेला, एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसरा हात काळ्या चिमट्यावर. मी ओरडून त्याचा हात थांबवला आणि भिंतीवरचा स्विच आधी बंद केला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात सतरा वर्षे देखभाल विभागात काढल्यामुळे मला हे कळले. प्रत्येक घरात असा माणूस असेल, असे आपण गृहीत धरले आहे काय?

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होत असताना, आणि ती भरल्यानंतरही चार्जर चालू राहिल्यास फारच अधिक, हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि हायड्रोजनला स्वतःला वास नसतो, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही. चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी उडते, तीही बॅटरीच्या अगदी तोंडाशी. म्हणूनच बॅटरी गाडीत असताना आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर इंजिनच्या किंवा चॅसिसच्या उघड्या धातूला, आणि सर्वांत शेवटी मुख्य स्विच, असा क्रम पाळतात. काढताना बरोबर याच्या उलट. (ज्या गाड्यांचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो त्यांच्यासाठी हे आहे, आणि आजच्या बहुतेक गाड्या तशाच असतात.) आपल्या पत्रकात काळा चिमटाही थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावलेला दाखवला आहे. हवा खेळती ठेवावी, डोळ्यांवर गॉगल असावा, ॲसिड डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवत राहून लगेच डॉक्टरकडे जावे, यांपैकी एकही ओळ त्यात नाही. वॉरंटीच्या अटींना मात्र सव्वा पान दिले आहे.

खोक्यावर मोटारीशेजारी स्कूटरचेही चित्र आहे. स्कूटरची बॅटरी बहुधा चार-पाच अँपिअर-तासांची असते आणि तिला अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. सहा अँपिअरचा, कमी करण्याची सोय नसलेला चार्जर तिला लावण्यास सुचवणे हे चित्रातूनसुद्धा चूकच आहे.

आपल्या टोल-फ्री क्रमांकावर मी दोनदा बोललो. पहिल्यांदा ‘बॅटरी जुनी असेल’ असे उत्तर मिळाले (ती चौदा महिन्यांची होती), दुसऱ्यांदा फोटो मागवण्यात आले आणि ते पाठवल्यानंतर तिसऱ्या दिवशी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला. ती कशी निकाली निघाली, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

माझी मागणी अशी आहे की, चार्जर व बॅटरी मिळून ८,०५० रुपये मला परत करावेत. परंतु त्याआधी हे माहितीपत्रक मागे घेऊन दुरुस्त पत्रक मराठीतही छापावे, आणि ज्यांनी हा चार्जर घेतला आहे त्यांना काढण्याचा बरोबर क्रम कळवावा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न दिल्याने होणाऱ्या हानीस उत्पादक जबाबदार ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

चार्जर, फुगलेली बॅटरी आणि ते पत्रक मी जसेच्या तसे ठेवले आहे. तपासणीसाठी माणूस पाठवल्यास वस्तू लेखी पोच घेऊनच देण्यात येतील.

आपला,
एक ग्राहक
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)

सोबत : खरेदीची पावती, मल्टिमीटरच्या आकड्याचे व बॅटरीचे फोटो, माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानाची प्रत.